चांद्रयान: गावातून आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

बुलढाणा, वाशीम, अकोला, यवतमाळ या पट्ट्यातल्या जिल्हा परिषद शाळांत, पारावर आणि आकाशदर्शनाच्या रात्री लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच बोलीत ठेवले आहेत. "हे आपल्या समजण्यातलं नाही" असं म्हणून कुणी मागे सरलं की फार वाईट वाटतं. ज्याला तिथी कळते आणि ज्यानं विहीर खणताना काळा दगड फोडला आहे, त्याला चांद्रयानाची निम्मी गोष्ट आधीच ठाऊक आहे.

चांद्रयान एकच हाय का तीन?

तीन, आणि तिघांची कामं वेगळी.

पहिलं २२ ऑक्टोबर २००८ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं. ते उतरणारं यान नव्हतं. चंद्राभोवती सुमारे १०० किलोमीटर उंचीवरून फिरत त्यानं नकाशे काढले. मात्र त्याच्यासोबत एक छोटी पेटी होती, तिच्यावर तिरंगा रंगवलेला होता. १४ नोव्हेंबर २००८ ला ती चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवली. भारताची वस्तू चंद्राला पहिल्यांदा टेकली ती त्या दिवशी. ऑगस्ट २००९ मध्ये या यानाशी संपर्क तुटला, पण तोवर बरंच काम झालं होतं.

दुसरं २२ जुलै २०१९ चं. त्याचा विक्रम लँडर, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, उतरताना कोसळला हे सगळ्यांना आठवतं. त्याचा ऑर्बिटर मात्र चंद्राभोवती फिरत काम करत राहिला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याच्या कॅमेऱ्याला १०० किलोमीटरवरून जमिनीवरची साधारण वीतभर वस्तूसुद्धा ओळखता येते. पुढच्या यानासाठी जागा शोधताना हेच फोटो कामी आले. म्हणून "चांद्रयान-२ वाया गेलं" असं कुणी म्हटलं की मी दर वेळी अडवतो.

तिसरं १४ जुलै २०२३ रोजी निघालं आणि २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी उतरलं. चंद्रावर अलगद उतरणारा भारत हा रशिया (तेव्हाचा सोव्हिएत संघ), अमेरिका आणि चीन यांच्यानंतरचा चौथा देश ठरला.

उतराले २३ ऑगस्टच काहून निवडली? मुहूर्त काढला होता का?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. मुहूर्त काढला होता, तो उन्हाचा.

तिसऱ्या यानाच्या लँडरचं नावही विक्रमच, आणि त्यातून उतरून चंद्रावर फिरणारी छोटी गाडी, म्हणजे रोव्हर, तिचं नाव प्रज्ञान. दोघंही सोलर पॅनलवर चालणारे. त्यामुळे जिथे उतरायचं तिथे नुकतंच ऊन पडलेलं हवं, म्हणजे पुढचा अख्खा दिवस कामाला मिळतो. चंद्रावरचा दिवस आपल्या जवळजवळ १४ दिवसांएवढा असतो आणि रात्रही तेवढीच. हे वेगळं शिकायची गरजच नाही, आपला शुद्ध पक्ष आणि वद्य पक्ष म्हणजे तेच. अमावस्येला आपल्याकडची बाजू अंधारात असते. प्रतिपदेपासून उजेडाची रेघ एका कडेनं आत सरकायला लागते, अष्टमीला मधोमध येते आणि पौर्णिमेला दुसऱ्या कडेला पोचते. रेघ जिथून पुढे सरकली, तिथे सकाळ झाली.

विक्रमची जागा कड आणि मध्य यांच्या दरम्यान आहे, ३२ अंश पूर्व रेखांशावर. शुद्ध पंचमी-षष्ठीच्या सुमारास रेघ तिथवर पोचते. आता २०२३ चं कॅलेंडर काढून बघा. सोमवारी २१ ऑगस्टला नागपंचमी होती आणि बुधवारी, सप्तमीला, यान उतरलं. त्या संध्याकाळी ज्यांनी अंगणातून वर पाहिलं, त्यांना जवळजवळ अर्धा चंद्र दिसला असेल. पौर्णिमेनंतर तीच रेघ अंधार घेऊन परत त्या जागेकडे निघाली. रविवारी ३ सप्टेंबरला संकष्टी झाली आणि दुसऱ्या दिवशी विक्रमला झोपवलं, कारण तिथे सूर्य मावळायला आला होता. प्रज्ञानला त्याआधीच, २ सप्टेंबरला, झोपवलं होतं.

वर्गात हा प्रश्न घ्यायचा असेल तर कालनिर्णय भिंतीवरून उतरवून मुलांच्या हातात द्या. इसरोचं वेळापत्रक पोरं स्वतः मांडून दाखवतात.

अमेरिकेचे माणसं चार दिवसांत पोचले होते म्हणतात. आपल्याले चाळीस दिवस काहून लागले?

रॉकेटच्या ताकदीमुळे. अमेरिकेचं सॅटर्न-५ उड्डाणाच्या वेळी सुमारे २,९०० टनांचं होतं, आपलं एलव्हीएम-३ सुमारे ६४० टनांचं. एका दमात सरळ चंद्राकडे फेकायचं तर प्रचंड इंधन लागतं. इसरोनं काटकसरीचा रस्ता धरला. आधी यान पृथ्वीभोवतीच्या लांबट कक्षेत सोडलं. प्रत्येक फेरीत ते पृथ्वीच्या अगदी जवळ आलं की तेवढ्याच वेळापुरतं इंजिन चालवायचं. झाडाला बांधलेल्या झोक्याला नेमक्या क्षणी हात लावला की तो दर खेपेला उंच जातो, तसंच हे. असे पाच धक्के दिले, मग १ ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लावलं आणि ५ ऑगस्टला ते चंद्राच्या कक्षेत शिरलं. तिथे उलटा हिशेब सुरू झाला: वेग कमी करत करत कक्षा लहान करायची.

घाई नव्हती. यानात माणूस नव्हता, त्यामुळे अन्न, पाणी, हवा यांचा प्रश्न नव्हता.

२०१९ मध्ये नेमकं काय बिघडलं आन् २०२३ मध्ये काय बदललं?

उतरायची शेवटची वीसेक मिनिटं सगळ्यात अवघड. सुमारे ३० किलोमीटर उंचीवर यानाचा आडवा वेग सेकंदाला जवळजवळ १.७ किलोमीटर असतो. तो शून्यावर आणायचा आणि त्याच वेळी यान आडव्याचं उभं करायचं. चंद्रावर हवा नाही, म्हणून पॅराशूट चालत नाही. सगळी भिस्त इंजिनांवर. बंगळुरूहून कुणी चालवतो म्हणावं तर तेही शक्य नाही, कारण संदेश जायला सव्वा सेकंद आणि उत्तर यायला पुन्हा सव्वा सेकंद लागतो. तेवढ्यात यान खाली गेलेलं असतं. निर्णय यानालाच घ्यायचे असतात.

२०१९ मध्ये इंजिनांनी अपेक्षेपेक्षा किंचित जास्त जोर दिला. फरक थोडा होता, पण तो साठत गेला. यानानं तो सुधारायला घेतला तेव्हा त्याला भराभर वळावं लागलं, आणि सॉफ्टवेअरनं वळण्याच्या वेगावर मर्यादा घातलेली होती. त्यात उतरायची जागा ठरवली होती फक्त ५०० मीटर लांब-रुंद. यान त्या चौकटीतच पोचायला धडपडत राहिलं. जमिनीपासून सुमारे २.१ किलोमीटरवर संपर्क तुटला.

चांद्रयान-३ च्या वेळी "काय काय बिघडू शकतं" याची यादी आधी केली आणि मग यान त्या यादीभोवती उभं केलं. उतरायची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर एवढी मोठी केली. पाय मजबूत केले, सेकंदाला ३ मीटर वेगानं टेकलं तरी मोडू नयेत असे. इंधन वाढवलं, सोलर पॅनल वाढवले, वेग थेट मोजणारं लेसरचं उपकरण बसवलं. पाच इंजिनांतलं मधलं काढून चार ठेवली. सुमारे १५० मीटरवर थांबून खाली खड्डा-दगड आहे का हे कॅमेऱ्यानं तपासायचं आणि नसेल तरच खाली यायचं, अशी सोय केली.

उतरल्यावर आणखी एक गोष्ट केली, जिची चर्चा गावात कमी झाली. ३ सप्टेंबरला विक्रमनं पुन्हा इंजिनं चालवून सुमारे ४० सेंटिमीटर उडी मारली आणि थोडं बाजूला जाऊन टेकला. चंद्रावरून माती घेऊन परत यायचं तर तिथून उडता आलं पाहिजे, त्याची ही सुरुवात. मला स्वतःला उतरण्याइतकीच ही उडी मोलाची वाटते.

चंद्रावर दिसते थो ससा म्हणजे काय हाय?

काळा दगड. आपल्याच जातीचा.

चंद्रावरचे काळपट डाग म्हणजे लाव्हारसाची थिजलेली मैदानं. तो दगड बेसॉल्ट, आणि पश्चिम विदर्भाची बहुतेक जमीन बेसॉल्टवरच बसली आहे. आपला बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून थरावर थर पसरत गेला. तोच झिजून काळी कसदार जमीन झाली, जिच्यात आपली पऱ्हाटी आणि तूर उभी राहते. चंद्रावरचा बेसॉल्ट बहुतांशी तीनशे कोटी वर्षांहून जुना. तिथे पाऊस नाही, वारा नाही, मुळं नाहीत, म्हणून त्याचं वावर कधी झालं नाही.

चंद्राचा उजळ भाग वेगळ्या, फिकट दगडाचा आहे, त्याला अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणतात. विक्रम अशाच उजळ प्रदेशात उतरला. त्यामुळे लँडर-रोव्हरच्या चाचणीसाठी तशीच माती हवी होती. ती आपल्याकडे नाही, तामिळनाडूत सेलम-नामक्कल भागातल्या गावांत आहे. तिथला दगड दळून इसरोनं बंगळुरूत चंद्राची माती तयार केली आणि तिच्यावर चाकं चालवून पाहिली.

लोणारचा अन् चंद्राचा काही संबंध हाय का?

आहे, आणि तो बुलढाणा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत शिकवला जावा असं मनापासून वाटतं.

चंद्रावरचे खड्डे उल्का आदळून झालेले आहेत. पृथ्वीवरही असे खड्डे पडले, पण पाऊसपाण्यानं बहुतेक बुजले. लोणारचं विवर टिकलं. ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं आहे आणि मुख्य म्हणजे बेसॉल्टमध्ये आहे. पृथ्वीवरची आघातानं झालेली बहुतेक विवरं दुसऱ्या दगडांत आहेत. बेसॉल्टमधलं इतकं चांगलं राहिलेलं विवर दुर्मीळ, म्हणून चंद्र आणि मंगळ अभ्यासणारे जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात.

बरीच वर्षं लोक याला ज्वालामुखीचं तोंड समजत. १९७० च्या दशकात भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी विवराच्या तळाशी ड्रिलिंग केलं. आघाताच्या जबर दाबाखालीच तयार होणारी काच आणि चिरडलेले दगड मिळाले, आणि वाद मिटला. इथे काचेचे बारीक गोल मणीही सापडतात, तसेच मणी अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या मातीत आहेत. वयाबद्दल मतभेद आहेत. एका पद्धतीनं मोजलं तर सुमारे ५० हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीनं साडेपाच लाखांच्या वर.

दैत्यसूदनाच्या दर्शनाला जाल तेव्हा विवराच्या काठावर थोडा वेळ उभे राहा. काठावरचे थर बाहेरच्या बाजूला उलटलेले दिसतात. तिथून दगड मात्र उचलून आणू नका.

तिथं पाणी सापडलं म्हणता, मंग बोअर मारून काहून पाहत नाही?

सापडलं ते वाहतं पाणी नाही. चांद्रयान-१ वर अमेरिकेच्या नासाचं एक उपकरण होतं. चंद्रावरून परतणाऱ्या उजेडात त्याला पाण्याच्या आणि हायड्रॉक्सिलच्या (हायड्रोजन-ऑक्सिजनच्या जोडीच्या) रेणूंची खूण दिसली. सप्टेंबर २००९ मध्ये हे जाहीर झालं. तोवर चंद्र ठार कोरडा समजला जाई. हे रेणू मातीच्या कणांना चिकटलेले, अत्यंत कमी प्रमाणात आहेत.

खरा साठा असेल तर तो ध्रुवांजवळच्या खोल खड्ड्यांत, जिथे कधीच ऊन पोचत नाही. तिथे बर्फ असल्याच्या भक्कम खुणा आहेत. एक गोष्ट नीट समजून घ्यावी: विक्रम अगदी दक्षिण ध्रुवावर उतरलेला नाही. तो ६९ अंश दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे ध्रुवापासून ६०० किलोमीटरहून जास्त दूर. त्याआधी दक्षिणेकडे इतक्या लांब कुणीच अलगद उतरलं नव्हतं, हे खरं. पण "दक्षिण ध्रुवावर तिरंगा" हे बातम्यांनी जरा ओढून केलेलं आहे. आहे तेवढंच पुरेसं मोठं आहे.

मंग तिथं नेमकं सापडलं काय?

२६ किलोचा, सहा चाकांचा प्रज्ञान सुमारे १०० मीटर चालला. वेग सेकंदाला एक सेंटिमीटर. त्यानं लेसरनं मातीचा कण जाळून त्याच्या उजेडावरून गंधक ओळखलं. दुसऱ्या उपकरणानं मातीतली मूलद्रव्यं जागोजाग मोजली. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतले संतोष वडवळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये याचा निष्कर्ष मांडला: चंद्र सुरुवातीला वितळलेल्या खडकाचा समुद्र होता, या कल्पनेला तिथली माती दुजोरा देते. जड द्रव्यं खाली बसली, हलका अ‍ॅनॉर्थोसाइट वर तरंगून थिजला.

शेतकऱ्यांना सगळ्यात आवडतं ते तपमानाचं. विक्रमनं मातीत सुमारे १० सेंटिमीटर खोल जाणारी सळई खुपसली, तिच्यावर दहा ठिकाणी तपमान मोजणारे सेन्सर होते. वर ५० अंशांच्या पुढे, आणि जेमतेम ८ सेंटिमीटर खाली उणे १० अंश. चंद्राची वरची माती इतकी भुसभुशीत आहे की उष्णता आत जातच नाही. उद्या तिथे माणसासाठी निवारा बांधायचा तर हीच माती अंगावर घेऊन बांधता येईल.

झोपलेलं यान पुन्हा उठन का?

नाही. २२ सप्टेंबर २०२३ ला परत हाका मारून पाहिल्या, उत्तर आलं नाही. तिथल्या रात्री तपमान शून्याखाली शंभर अंशांच्याही बरंच खाली जातं, आणि हे यान एका दिवसाच्या कामासाठीच बांधलेलं होतं. तो एक दिवस पूर्ण झाला. विक्रमवर नासानं दिलेला एक छोटा आरसा मात्र अजून कामाचा आहे. त्याला वीज लागत नाही. कक्षेतून लेसर सोडला की तो परत पाठवतो.

चांद्रयान गेलं अन् पाऊस गेला. चंद्राले धक्का लागला म्हणून का?

२०२३ चा ऑगस्ट विसरणं शक्य नाही. देशाच्या पातळीवर १९०१ पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता, सरासरीपेक्षा सुमारे ३६ टक्के कमी पाऊस. सोयाबीन फुलोऱ्यात-शेंगांत असताना खंड पडला. ज्याचं वावर डोळ्यांदेखत पिवळं पडलं, त्यानं हा प्रश्न विचारला तर त्याला अडाणी म्हणू नका.

कारण एल निनो. प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की आपला मान्सून बहुधा ढिला पडतो. त्या वर्षी ते जूनपासूनच सुरू झालं होतं, यान निघायच्या आधी. चंद्राला धक्का लागायचं म्हणाल तर विक्रम होता पावणेदोन टनांचा. चंद्रावर याहून कितीतरी मोठ्या उल्का कोट्यवधी वर्षं आदळत आल्या आहेत आणि तो आपल्या तिथी चुकलेला नाही.

एवढा पैसा चंद्रावर घालण्यापरीस कापसाले भाव दिला असता तर?

चांद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. १४० कोटी लोकांत वाटला तर माणशी साडेचार रुपयांच्या आत. हा आकडा सांगून प्रश्न संपवायचा नाही, कारण विचारणाऱ्याचं दुखणं खरं आहे. चंद्राच्या मातीवरून आपल्या कापसाला एक रुपयाही जास्त मिळणार नाही. कुणी तसं सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण चांद्रयान थांबवलं म्हणून भाव वाढेल असंही नाही. भावाचं भांडण वेगळं आहे आणि ते जोरात भांडलंच पाहिजे.

यान बनवणारी संस्था मात्र शेताशी जोडलेली आहे. हवामानाचे इन्सॅट उपग्रह तिचेच. त्यांतला इन्सॅट-३डीएस १७ फेब्रुवारी २०२४ ला सोडला. इसरोचं मध्य भारतासाठीचं सुदूर संवेदन केंद्र नागपुरातच आहे. पिकं, जंगल, भूजल यांचे नकाशे तिथे होतात. आपला प्रश्न त्यांना विचारायचा असेल तर असा विचारा: या नकाशांतली माहिती तलाठ्यापर्यंत आणि पीकविम्याच्या पंचनाम्यापर्यंत का पोचत नाही? हा प्रश्न मला फार न्याय्य वाटतो.

सिंदेवाहीले पडलेलं कडं चांद्रयानाचं होतं का?

नाही. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याच्या रात्री विदर्भभर आकाशातून जळते गोळे जाताना दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपासच्या गावांत धातूचे गोळेही मिळाले. तज्ज्ञांच्या मते ते चीनच्या चांगझेंग-३बी रॉकेटचे अवशेष. तेव्हा चांद्रयान-३ निघालंही नव्हतं.

पुन्हा कधी असं काही वावरात पडलं तर हात लावू नका, पोरांना जवळ जाऊ देऊ नका. अशा टाक्यांत विषारी इंधनाचा अंश राहिलेला असू शकतो. पोलीस पाटील किंवा तहसील कार्यालयाला कळवा.

खामगावची चांदी चांद्रयानात होती म्हणतात?

२०२३ मध्ये मराठी वृत्तपत्रांत तशा बातम्या आल्या होत्या: खामगावातून चांदीच्या नळ्या आणि उष्णता अडवणारं कापड गेल्याच्या. एवढं खरं की असं यान एका छताखाली तयार होत नाही, देशभरच्या कारखान्यांतून भाग येतात.

चंद्र देव हाय. त्यावर यान उतरवणं बरं हाय का?

चतुर्थीला चंद्र पाहून उपास सोडणाऱ्या घरात मी वाढलो आहे. त्याची माती ओळखल्यानं त्याचं दर्शन कमी झाल्याचं मला कधी जाणवलं नाही. ज्याला खटकतं त्याच्याशी वाद घालत नाही.

आपल्या गावातून विक्रम दिसन का?

नाही, कुठल्याच दुर्बिणीतून नाही. जागा मात्र अंदाजानं दाखवता येते. कोजागिरीला साध्या दुर्बिणीतूनही चंद्राच्या दक्षिण भागात एक ठळक विवर दिसतं, त्यातून पांढऱ्या रेघा चहूकडे गेलेल्या असतात. त्याचं नाव टायको. विक्रम त्याच्याही पलीकडे, दक्षिणेच्या कडेजवळ आहे. त्या जागेला शिवशक्ती हे नाव असून आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेनं मार्च २०२४ मध्ये ते मान्य केलं.

आता पुढं काय?

चांद्रयान-४. चंद्राची माती घेऊन परत यायचं. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी सुमारे २,१०४ कोटी मंजूर केले. यानाचे पाच भाग, ते दोन रॉकेटांतून जाणार आणि अवकाशात एकमेकांना जोडले जाणार. जोडण्याचा सराव झाला आहे: १६ जानेवारी २०२५ ला इसरोनं स्पेडेक्सचे दोन उपग्रह पृथ्वीभोवती फिरता फिरता जोडले. त्यानंतरचं चांद्रयान-५ जपानसोबत आहे आणि त्याचा रोव्हर प्रज्ञानहून कितीतरी जड, २५० किलोच्या आसपास, असेल.

पोरीले इसरोत जायचं हाय. काय शिकवू?

नववीत असेल तर युविका कार्यक्रमाला अर्ज करा. इसरो निवडक विद्यार्थ्यांना सुट्टीत आपल्या केंद्रांवर नेऊन शिकवते. ग्रामपंचायत हद्दीतल्या शाळांच्या मुलांना निवडीत जास्तीचं वजन आहे, त्यामुळे गावातली शाळा इथे फायद्याची ठरते. बारावीनंतर तिरुवनंतपुरमला इसरोच्याच परिवारातली अवकाश विज्ञानाची संस्था आहे, प्रवेश जेईईच्या गुणांवर.

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो: इसरो दहावी आणि आयटीआय झालेल्यांनाही तंत्रज्ञ म्हणून घेते. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन. जाहिराती इसरोच्या संकेतस्थळावर येतात, एजंट लागत नाही, आणि नोकरी लावून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका.